पेडण्याचं सनीव्हेल होणार का, आणि भाट आत्ता विकावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्याच्या पेडणे तालुक्यात पार्से-तुये भागात तुमच्या कुटुंबाचं काजूचं भाट म्हणजे बाग आहे, खाली थोडी तरी म्हणजे भातजमीन आहे. मोपाला विमानतळ झाला, तुयेला इलेक्ट्रॉनिक सिटी येतेय, म्हणून एक एजंट घरी खेटे घालतोय. त्याने मोबाइलवर कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलचे फोटो दाखवले, आधी फळबागा आणि मग काचेच्या इमारती. "पाच वर्षांत पेडण्याचं हेच होणार, पण तोवर सरकार जमीन घेईल, आता विका म्हणजे सुटाल," असं त्याचं म्हणणं. शेतीचं गाव खरंच असं तंत्रज्ञानाचं शहर होतं का, पेडण्याचं होईल का आणि विकावं का, हे तुम्ही विचारलंय. गोव्यात झोनिंग, लेआउट आणि सनदेची (बिनशेती परवान्याची) कामं करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्या अनुभवावर लिहितो.

फोटो खरे आहेत. पण पहिल्या आणि दुसऱ्या फोटोच्या मधे पन्नास-साठ वर्षं आहेत आणि एजंटने नेमकी तीच गाळली.

सनीव्हेल ज्या खोऱ्यात आहे त्या सांता क्लारा खोऱ्यात एकेकाळी आलुबुखार, जर्दाळू आणि चेरीच्या बागाच बागा होत्या. त्याआधी तिथे गहू पिकायचा. 1864 मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे रेल्वे झाली आणि फळ बाहेर जाण्याची सोय झाली. 1906 च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झालं, तेव्हा सनीव्हेलची जमीन भूखंड पाडून विकणाऱ्या माणसाने हेंडी नावाच्या लोखंडी यंत्रांच्या कारखान्याला फुकट जागा देऊन गावात आणलं. त्याच सुमारास लिबी कंपनीचा फळं डबाबंद करण्याचा मोठा कारखाना आला. म्हणजे 1912 मध्ये सनीव्हेल रीतसर शहर झालं तेव्हाच तिथे लेथ चालवणारा फिटर होता आणि मोसमात डबे भरणाऱ्या बायका होत्या. बागवाल्याचं पोरही कारखान्यात कामाला लागलं होतं.

मग विमानतळ आला. तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे म्हणून जरा थांबून सांगतो. अमेरिकेच्या नौदलाला पश्चिम किनाऱ्यावर हवाई तळ हवा होता आणि बरीच गावं त्यासाठी धडपडत होती. त्या भागातल्या लोकांनी वर्गणी काढून सुमारे हजार एकर जमीन घेतली आणि 1931 मध्ये एका डॉलरला सरकारला दिली. 1933 मध्ये तळ सुरू झाला. तो होता हेलियम भरलेल्या अवाढव्य वायुयानांसाठी, आणि ज्या वायुयानासाठी तो मुख्यतः बांधला ते 1935 मध्ये समुद्रात पडलं. मूळ बेत फसला तरी तळ राहिला. 1939 मध्ये त्याला लागून विमानविद्येचं सरकारी संशोधन केंद्र झालं, तिथे वाऱ्याचे बोगदे बांधून विमानांच्या चाचण्या सुरू झाल्या. 1956 मध्ये लॉकहीडने शेजारीच क्षेपणास्त्रांचा कारखाना टाकला आणि बघता बघता ती खोऱ्यातली सर्वांत मोठी नोकरी देणारी कंपनी झाली. 1950 मध्ये सनीव्हेलची लोकसंख्या दहा हजारांच्या आत होती, 1960 मध्ये पन्नास हजारांवर गेली. बागा तुटल्या त्या खऱ्या या दहा वर्षांत. अटारी, एएमडी ही व्हिडिओ गेम आणि चिपच्या कंपन्यांची नावं त्यानंतरची.

थोडक्यात, तिथे विमानतळाने प्रवासी आणले नाहीत, चाचणी आणि दुरुस्तीची कामं आणली. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ 5 जानेवारी 2023 पासून सुरू आहे आणि त्यातून उतरणारा माणूस बहुतेक करून मोरजी, मांद्रे, हरमलला किंवा बार्देशात जातो. त्याला खोली हवी असते, जेवण हवं असतं, टॅक्सी हवी असते. त्याच्या मागून येणाऱ्या पैशाला दुसरं घर हवं असतं, समुद्र दिसणारं असेल तर उत्तम. यात वाईट काही नाही, पण याने तंत्रज्ञानाचं शहर होत नाही, जमिनीचा बाजार होतो. एजंट या दोन गोष्टींची गल्लत करतोय, की मुद्दाम करतोय, ते तुम्ही ठरवा.

आता दुसरी गोष्ट, जी माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. त्या खोऱ्यातल्या फळबागवाल्यांपैकी बहुतेकांनी जमीन विकली, पैसे आले, कुणी घर घेतलं, कुणी गाव सोडलं. एका शेताने मात्र विकली नाही, कारण त्याला विकायची मुभाच नव्हती. लेलँड स्टॅनफर्ड नावाच्या रेल्वेवाल्या धनाढ्याचं पालो आल्तोला घोडे पैदा करायचं शेत होतं. मुलगा वारला म्हणून त्याने 1885 मध्ये त्याच्या नावाने विद्यापीठ काढलं आणि दानपत्रात अट घातली की ही आठ हजारांहून जास्त एकर जमीन कधीही विकायची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यापीठाला पैशाची चणचण होती आणि जमीन पडून होती. विकता येईना, म्हणून 1951 मध्ये त्यांनी औद्योगिक वसाहत आखून भूखंड लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर द्यायला सुरुवात केली. व्हेरियन ही पहिल्यांपैकी भाडेकरू, ह्यूलेट-पॅकार्ड नंतर आली. कोणती कंपनी घ्यायची हेही विद्यापीठ बघायचं, आपल्या प्रयोगशाळांना उपयोगी पडेल अशी. आज त्या खोऱ्यात जमिनीचा सगळ्यांत भक्कम मालक म्हणजे हे विद्यापीठच. तिथली मुलं अजून विद्यापीठाला "द फार्म" म्हणतात.

आपल्याकडे ही पद्धत सरकारला चांगली कळलेली आहे. दक्षिण गोव्यातलं वेर्णे काय, तुये काय, औद्योगिक विकास महामंडळ भूखंड विकत नाही, लीजवर देतं, आणि लीज दुसऱ्याच्या नावावर करताना पुन्हा शुल्क घेतं. शेतकऱ्याकडून मात्र एकदाच, कायमची घेतली जाते.

पुण्याच्या बाजूची दोन उदाहरणं शेजारी ठेवली की फरक दिसतो. हिंजवडीत एमआयडीसीने जमीन संपादन केली, आयटी पार्क उभं राहिलं, शेतकऱ्याला मोबदला मिळाला आणि विषय संपला. हडपसरला मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास कुटुंबांनी आपली सुमारे चारशे एकर सलग जमीन एकत्र करून कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले आणि 2000 च्या सुमारास बांधायला सुरुवात केली. आयटीच्या इमारती भाड्याने दिल्या, घरं विकली, आणि ज्यांची पोरं शिकली ती बांधकामाची कंत्राटं घेऊ लागली. ऊस गेला पण मालकी पूर्ण गेली नाही. मगरपट्ट्यात एक मोठी सोय होती हे विसरू नका: जमीन सलग होती आणि कुटुंबं बरीचशी एकमेकांच्या नात्यातली. खरं तर एकत्र जमीन आणि वर्षाला वाटा ही कल्पना गोव्याला नवी नाही, कोमुनिदादीचा, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा, गांवकर शतकानुशतकं जोण म्हणजे हाच वाटा घेत आलाय. पण पेडणं 1788 ला पोर्तुगीजांकडे आलेली नवी काबिजाद, म्हणजे मागाहून मिळवलेला मुलूख. तिथे कोमुनिदादीपेक्षा भाटकारी (जमीनदारांच्या) आणि आल्वारा (सरकारने दिलेल्या) जमिनींचा पगडा जास्त, आणि त्यातूनच तुमच्या कागदांचा गुंता तयार झालाय.

त्या कागदांकडे येतो, कारण "आत्ता विका" म्हणणाऱ्याने हे बहुतेक वाचलेलंच नसतं. तुमचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, समोर घ्या. वरच्या भागात सर्व्हे नंबर आणि सब-डिव्हिजन, त्याखाली क्षेत्राचे रकाने: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड, आणि शेवटी पोटखराब. तुमचं काजूचं भाट बहुतेक बागायतीत असेल, खालची तरी तरीच्या रकान्यात. मग कब्जेदारांची नावं. तिथे आजोबांचं नाव असेल, त्यांचे भाऊ असतील, त्यातले बरेच हयात नसतील. त्याखाली कुळाचा रकाना. तो कोरा आहे का नीट बघा. त्यानंतर इतर हक्क, म्हणजे कुणाची वाट, कुणाचं घर, मुंडकाराची नोंद. भाटात एखादं जुनं कौलारू घर असेल आणि त्यात कुणी पिढ्यान्‌पिढ्या राहत असेल तर 1975 च्या मुंडकार कायद्याने त्याला हक्क मिळालेत. ते घर बाजूला करून जमीन "मोकळी" विकता येत नाही, एजंट काहीही म्हणो.

कुळाचा मुद्दा याहून मोठा. तुमच्या पूर्वजांना ही जमीन कूळ म्हणून मिळाली असेल, म्हणजे 1964 चा कूळ कायदा आणि त्याच्या पाचव्या दुरुस्तीने मालकी आली असेल, तर मामलेदाराच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. आणि 1991 चा जमीन वापर नियमन कायदा सांगतो की अशी जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. मग आयटी पार्क सोडा, साधा बंगलासुद्धा नाही. ही एक ओळ लपवून झालेले व्यवहार कोर्टात कुजताना मी पाहिलेत. आणि भातशेती शेतकरी नसलेल्याला विकण्यावर 2023 च्या कायद्याने बंदीच आहे, त्यामुळे तुमच्या तरीचा व्यवहार एजंटने भाटात घुसडला असेल तर तिथेच कान टवकारा.

वारसांचं काय? गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, वेगळा करार नसेल तर अर्धी तिची. म्हणजे विक्रीखतावर तुमच्या काकांची सही पुरत नाही, काकीचीही लागते. मुंबईला असलेल्या आत्याची लागते, आणि आतोबांचीही. आजोबांच्या पश्चात वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे वारस आणि मालमत्तेची यादी करून वाटणी ठरवण्याची प्रक्रिया, झाली नसेल तर आधी ती करून घ्यावी लागेल, 2012 च्या वारसा कायद्याखाली. कुटुंबात बोलाचाली असेल तर वर्षं जातात. पण इन्व्हेंटरी झाली की प्रत्येकाचा वाटा स्पष्ट होतो, मग विकायचं, ठेवायचं की भाड्याने द्यायचं हे ठरवायला जमीन मोकळी होते. मला विचाराल तर एजंटचं तोंड बघण्याआधी या कामाला लागा. विकणार नसलात तरीही.

झोनिंगचा भाग मी झटकन सांगतो, कारण तो दर वर्षी बदलतो आणि त्यावर कुणी पैज लावू नये. प्रादेशिक आराखडा 2021 मध्ये तुमचं भाट ऑर्चर्ड (फळबाग) म्हणून दाखवलं असेल, कदाचित वरचा उतार नो-डेव्हलपमेंट स्लोप. सेटलमेंट म्हणजे वस्तीचा झोन दाखवल्याशिवाय सनद मिळत नाही. एजंट म्हणेल "17(2) मधून करून देतो". नगर नियोजन कायद्याच्या त्या कलमाखाली आराखड्यातल्या "चुका" दुरुस्त करण्याच्या नावाने ऑर्चर्डचं सेटलमेंट व्हायचं. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याचे नियम रद्दबातल ठरवले. त्यानंतर त्याच कायद्याचं 39-अ हे कलम पुढे केलं जातं, तेही वादात आहे. 2023 मध्ये पेडण्याचा झोनिंग आराखडा आला तेव्हा स्थानिक आमदारांसकट लोक उभे राहिले आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. तुमची जमीन तिळारीच्या लाभक्षेत्रात येत असेल तर आणखी एक कायदा आडवा येतो. म्हणून झोन बदलेल या भरवशावर दिलेला भाव हा भाव नव्हे.

आता तंत्रज्ञान. गोव्यात ते आहे का? आहे, फक्त पेडण्यात नाही आणि ज्याला लोक आयटी पार्क म्हणतात तिथेही नाही. वेर्ण्याच्या पठारावर आहे. नेटवर्किंगची उपकरणं तिथे फार पूर्वीपासून बनतात, डी-लिंक आणि स्मार्टलिंक ही नावं तुम्ही राउटरवर वाचली असतील. आणि ट्युलिप डायग्नॉस्टिक्सची गोष्ट तर मुद्दाम ऐकण्यासारखी. 1988 मध्ये ती गोव्यात सुरू झाली, रक्त-लघवीच्या तपासणीची किट्स बनवायची. तिच्या संस्थापकांनीच पुढे बेंगळुरूच्या एका संशोधन कंपनीबरोबर मोलबायो उभी केली. तिचं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र, ज्यावर टीबी तासाभरात कळतो. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली आणि कोविडच्या साथीत ते देशभर तालुक्याच्या दवाखान्यात पोचलं. ट्युलिप 2017 मध्ये पर्किनएल्मर या अमेरिकन कंपनीने घेतली. एका कंपनीतून शिकलेली माणसं, मिळालेला पैसा, ओळखीचे पुरवठादार आणि त्यातून दुसरी कंपनी: सांता क्लारा खोऱ्यातही हेच झालं. 1956 मध्ये ट्रान्झिस्टरच्या शोधकांपैकी शॉकलीने माउंटन व्ह्यूला प्रयोगशाळा काढली, पुढच्याच वर्षी आठ जण त्याला सोडून गेले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर निघाली. फेअरचाइल्डमधून बाहेर पडलेल्यांनी 1968 मध्ये इंटेल आणि 1969 मध्ये एएमडी काढली.

यात एक गंमत आहे. तिथे नोकरी सोडणाऱ्याला "तू स्पर्धकाकडे जाऊ नकोस" असं करारात बांधता येत नाही, कॅलिफोर्नियाचा हा नियम 1872 पासूनचा. आपल्या करार कायद्याचं 27 वं कलमही 1872 चंच, आणि जवळपास तेच सांगतं. म्हणजे कायद्याने आपण त्यांच्याच बरोबरीला आहोत. कमी पडते ती पहिली कंपनी, जिथून माणसं बाहेर पडावीत.

वेर्ण्याजवळ सांकवाळला 2004 मध्ये बिट्स ही पिलानीची अभियांत्रिकी संस्था आली, फर्मागुडीला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय 1967 पासून आहे, एनआयटीचं कायमचं संकुल कुंकळ्ळीला झालं. सगळा भार दक्षिणेकडे आणि मध्यावर. पेडण्यात अशी संस्था नाही. तुयेची इलेक्ट्रॉनिक सिटी केंद्राच्या 2012 च्या क्लस्टर योजनेतली, क्षेत्र सुमारे 6 लाख चौरस मीटर. ती भरली तर तिथे मुख्यतः जुळणीचं काम येईल, सर्किट बोर्डावर पार्ट बसवणं, तपासणं, डबाबंद करणं. हे काम हलकं समजू नका. सनीव्हेलचीही सुरुवात डबे भरण्यापासून झाली. आयटीआय झालेल्या मुलीला वाहन घेऊन म्हापशाच्या पलीकडे न जाता पगार मिळतो, ती सोल्डरिंग शिकते, गुणवत्ता तपासणी शिकते, पाच वर्षांनी लाइन सांभाळते. पण त्यासाठी युनिट्स सुरू व्हायला हवीत, भूखंड अडकवून बसलेले लीजधारक काढायला हवेत, आणि कामाला लागणारी माणसं पेडण्यात राहू शकतील अशी घरं हवीत.

घरांचा मुद्दा कुणी बोलत नाही. समुद्रपट्ट्यात दोन खोल्यांचं भाडं पर्यटकांनी वर नेलंय, कारण महिन्याचं भाडेकरूपण कुणाला नकोय, रात्रीचे पैसे हवेत. तुयेच्या कारखान्यातला कामगार तिथे कसा राहणार? तो रोज सावंतवाडी-दोडामार्गहून बसने येईल. मग पगार इथे मिळून बाजारहाट तिकडे होईल. शहर व्हायचं तर माणूस मुक्कामाला हवा, त्याची पोरं इथल्या शाळेत हवीत, त्याची बायको इथल्या बाजारात.

गोव्यातल्या लोकांनी याआधी तंत्रज्ञानाला विरोध केला असं म्हटलं जातं. दोनापावलचा आयटी हॅबिटॅट अडला, सेझ (विशेष आर्थिक क्षेत्रं) अडले, शेळ-मेळावलीची आयआयटी जानेवारी 2021 मध्ये मागे घ्यावी लागली. माझं मत वेगळं आहे. तिन्ही ठिकाणी भांडण संगणकाशी नव्हतं, जमीन कुणाच्या हातात जाते याच्याशी होतं. सेझच्या नावाने 38 लाख चौरस मीटरवर जमीन मूठभर प्रवर्तकांना दिली गेली, 2007 च्या अखेरीस आंदोलनामुळे धोरण गुंडाळावं लागलं, आणि ती जमीन परत यायला 2018 उजाडलं. तेही महामंडळाने प्रवर्तकांचे पैसे व्याजासकट, म्हणजे अडीचशे कोटींवर, परत केल्यावर. अकरा वर्षं ना कारखाना ना कुरण. मेळावलीत तर लोक पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या जमिनीचे कागद त्यांच्या नावावर नव्हते, आणि संस्था येणार म्हटल्यावर पहिला प्रश्न तोच आला. आधी नावं लावली असती तर कदाचित आज तिथे आयआयटी असती.

पाण्याबद्दल थोडं, कारण तुमच्या खालच्या तरीचा त्याच्याशी संबंध आहे. सांता क्लारा खोऱ्यात बागांसाठी आणि मग शहरांसाठी इतकं भूजल उपसलं की सॅन होजेची जमीन 1969 पर्यंत सुमारे 13 फूट खचली. पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला धरणं बांधली, बाहेरून कालव्याने पाणी आणलं, तेव्हा खचणं थांबलं. त्यानंतर ऐंशीच्या दशकात लक्षात आलं की चिप धुवायला वापरलेली द्रावणं भूमिगत टाक्यांतून गळून भूजलात गेलीत. "धूर नसलेला स्वच्छ उद्योग" म्हणवणाऱ्या त्या जिल्ह्यात आज अमेरिकेतल्या कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त विषारी जागा सरकारी साफसफाईच्या यादीत आहेत. तुयेला चिप बनत नाहीत, त्यामुळे तितकी भीती नको, पण बोर्ड धुण्याची रसायनं, शिसं आणि जुने पार्ट कुठे जातात हे पंचायतीने विचारलंच पाहिजे.

आपल्याकडे धोका वेगळा आहे. पेडण्याचा सडा म्हणजे चिऱ्याचं पठार, पावसाळ्यात ते पाणी पितं आणि उतारावरच्या झरींतून पुढे सोडत राहतं. त्याच झरीवर खाली वायंगण (उन्हाळी भात) होतं आणि कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) पाणी मिळतं. सडा सपाट करून त्यावर काँक्रीट ओतलं की पाणी पावसातच वाहून जातं, एप्रिलमध्ये झर आटते. मग खालच्या शेतकऱ्याला वाटतं पाऊस कमी झाला. तुमच्या भाटाच्या माथ्यावर कुठे बांधकामाची परवानगी निघाली असेल तर ती फाइल पंचायतीत बघा. तुमचं भाट न विकताही तुमची तरी जाऊ शकते.

विकावं का? घरात आजारपण, शिक्षण, कर्ज असं काही नसेल तर सगळं भाट विकू नका. एखादा कोपरा, तोही रस्त्याला लागून असलेला आणि सेटलमेंटमध्ये असलेला, इन्व्हेंटरी झाल्यावर स्वतः सनद काढून विकला तर त्याच्या भावाची आजच्या ऑर्चर्डच्या भावाशी तुलनाच करू नका. त्याहून बरं म्हणजे त्या कोपऱ्यात कामगारांसाठी महिन्याच्या भाड्याच्या खोल्या. तुयेला युनिट्स आली तर त्या भरतील. नाही आली तर विमानतळावर रात्रपाळी करणारी माणसं आहेतच, त्यांना आज राहायला जागा नाही. भाडेपट्टा करायचा झाला तर नोंदणी करून, मुदत लिहून. शेतजमीन तोंडी कुणाला कसायला देऊ नका, उद्या तोच कुळाच्या रकान्यात येईल. शेजारच्या तीन-चार भाटकारांशी बोलून मेर (बांध) एकमेकांना लागणारी जमीन एकत्र करता येते का बघा. सगळे तयार झाले तर मगरपट्ट्यासारखी कंपनी काढायला वकील लागेल आणि वेळही, पण मोठ्या खरेदीदारासमोर तुम्ही एकटे नसाल. काजू मात्र ठेवा. बोंडांची हुर्राक (काजूची दारू) आणि बी हे दरवर्षीचं उत्पन्न आहे, ते कुणाच्या झोनिंगवर अवलंबून नाही.

सरकार जमीन घेईल या भीतीबद्दल: 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली नोटीस, सामाजिक परिणामांचा अभ्यास, हरकती आणि बाजारभावावर सोलेशियम (वरची जादा भरपाई) असा रस्ता आहे. संपादन होणारच असेल तर ते तुमच्या नावावर होऊ द्या, एजंटच्या मालकाच्या नावावर नको.

शेवटी बयाण्याचं. एजंटने दिलेला मसुदा तुम्ही मला दाखवलेला नाही, पण या व्यवहारात साधारण एक कलम असतं: बयाणा घेताना मालकाने खरेदीदाराला मुखत्यारपत्र द्यायचं, झोन बदलायचे अर्ज, सनद, विभागणी आणि पुढची विक्रीसुद्धा त्याच्या सहीने. मुदत "झोन बदल होईपर्यंत", म्हणजे मुदत नाहीच. असं कलम असेल तर बयाणा हातात घेऊ नका, आणि काका-आत्यांनाही आजच फोन करून सांगा, कारण एजंट एका घरातून नकार आला की दुसऱ्या वारसाच्या दारात जातो. एकाने बयाणा घेतला की बाकीच्यांची जमीनही कोर्टात अडकते.